आठ मिनिटं, वाशी

बसवाल्याने कळंबोलीला उतरवलं, पहाटे पावणेपाचला,
पुलाखाली, जिथे ट्रकवाले चूळ भरतात.
अकोल्यापासून रात्रभर वरच्या बर्थवर
मी ओठातल्या ओठात पुटपुटत होते.
खालचा माणूस म्हणाला, ताई, देवाचं चालू द्या,
पण जरा हळू.
त्याला कसं सांगू, ते स्तोत्र नव्हतं,
मावशीच्या मिक्सरवरचा विनोद होता.

कार्यक्रम संध्याकाळी सातला.
राहण्याची सोय नाही, हे पत्रात ठळक अक्षरात,
चहा मिळेल, हे बारीक.
रिक्षावाला विचारतो, सेक्टर कोणता?
आमच्याकडे पत्ता म्हणजे
खोडके सरांच्या समोर, कुत्रं बांधलेलं असेल तिथे.
इथे गावाला पाढेच पाठ.

खाडीकाठी बसले, बॅग मांडीवर.
सहाला वीसेक म्हातारी माणसं आली, बूट पांढरेशुभ्र,
गोल केला, हात वर,
आणि हसली.
कशावर? कशावरच नाही.
हा हा, हो हो, टाळ्या, परत.
सहा वर्षं मी ज्याच्यासाठी मरतेय
ते इथे व्यायाम म्हणून.
टोपीवाले काका म्हणाले, या ना, तुम्हीही.
मी म्हटलं, काका, मी विनोद सांगते, तेच काम आहे माझं.
ते एकदम गंभीर झाले.
"इथे नका सांगू हं. लय बिघडते."

जठारपेठेत आमची पिठाची गिरणी.
बाबांचे कान तिच्या पट्ट्याने नेले.
त्यांच्याशी बोलायचं तर तोंड मोठं करून, एकेक शब्द,
आणि मग थांबायचं, तो पोचेपर्यंत.
लोक म्हणतात, तुझं टायमिंग छान आहे.

निघताना त्यांनी विचारलं, किती देतात?
मी आठ बोटं दाखवली.
खूश झाले. आठ हजार.
मी मिनिटं सांगत होते.
दुरुस्त नाही केलं.

सूत्रसंचालक, दाढी कोरलेली, कागद बघून थांबला.
"आता येतायत अकोल्याच्या मंजुळा बोचरे.
नाव मंजुळ, आडनाव बोचरं,
घरच्यांचं एकमत झालेलं दिसत नाही!"
सभागृह हसलं.
तो माझा पहिला विनोद होता.
शब्द त्याचे, पण दार माझं.
सहा वर्षं मी त्याच दारातून आत जाते.

माइक हातात. एसी.
एवढी शांतता मी ऐकली होती ती फक्त
गिरणीचा पट्टा तुटल्यावर.
म्हटलं, "झालं. माझ्याकडे तेवढाच होता.
निघू का? बस साडेनऊची हाये."
ते हाये चुकून आलं, एरवी मी गाळून घेते.
मोठा हशा. आणि मागच्या रांगेतून एक बाई:
"काऊन जातं वो, थांब ना!"
थांबले.

मिक्सरवर कोणी हसलं नाही.
टँकरवर दोघं, त्यातला एक खोकत असावा.
बाबांच्या कानांवर मात्र हसले, पोट धरून,
आणि मला, एवढ्या लांब ते घ्यायलाच आलेल्या मला,
ते हातात धरवेना.
पुढचा शब्द विसरले.
लाल दिवा लागला तेव्हा बरं वाटलं.

मानधनाच्या पाकिटात एक कूपन होतं
आणि पाकिटासोबत कप, हसऱ्या तोंडाचा.

पुन्हा कळंबोली, पुन्हा तोच पूल.
व्हिडिओवर बाबा, भुवयांवर पीठ तसंच.
मानेनेच विचारलं, झालं?
मी कप खाली ठेवला, दोन्ही हात वर केले,
तोंड मोठं केलं: हा हा, हो हो.
एक ट्रकवाला ब्रश तोंडात धरून बघत राहिला.
बाबाही बघत राहिले.
मी थांबले, पोचेपर्यंत.
त्यांचे ओठ हलायला लागले तेवढ्यात
चित्र अडकलं, तोंड अर्धं उघडं.
हसणार होते की आठ हजारांचं विचारणार होते,
कळायच्या आत बस आली.